मामांच्या वाळूवर

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी सव्वाचार वाजता, होआनिब नदीच्या कोरड्या पात्राशेजारी वाळवंटात उभारलेल्या एका अत्यंत महागड्या तंबू-कॅम्पवर, राजधानी विंडहूकच्या पाणीपुरवठा खात्यातला उपविभाग अधिकारी गेर्सन काहुरे स्वागताच्या खुर्चीतून उठला आणि समोर उभ्या असलेल्या वृद्ध वेटरच्या हातातला ट्रे त्याने काढून घेतला.

घडलं ते एवढंच. ट्रेमध्ये लिंबाच्या वासाचे, बर्फावर गार केलेले दोन टॉवेल होते, आणि ते उचलून द्यायचा चिमटा वेटरच्या दुसऱ्या हातात अधांतरी राहिला होता.

पाहणाऱ्यांनी आपापले अर्थ लावले. शेजारच्या सोफ्यावर झोलिंगर नावाचं वयस्कर स्विस जोडपं बसलं होतं. नव्या नोकराला कामाची सवय देणं चालू आहे, अशी त्यांची समजूत झाली. कॅम्पची व्यवस्थापक सास्किया केपटाऊनहून येऊन तिथे नुकतीच रुजू झाली होती. पाहुण्याला सेवा पसंत पडली नाही, असं तिला वाटलं. गेर्सनची बायको अल्बर्टीना हिने डोळे मिटून घेतले. वेटरने मात्र काही अर्थ लावला नाही. तो अल्बर्टीनाचा सख्खा मामा होता आणि त्याला अर्थ आधीच कळला होता.

आमच्या हेरेरो लोकांत काही गोष्टी ठरलेल्या आहेत. बायकोचा मामा उभा आणि जावई बसलेला, हे दृश्य एरवी फक्त मामा फोटोच्या चौकटीत आणि जावई खाटेवर आजारी असतानाच शक्य असतं. त्यातून मामाने जावयाला चिमट्याने टॉवेल द्यावा, यासाठी आमच्या भाषेत शब्दच नाही, कारण अशी वेळ आजवर कोणावर आलेली नव्हती.

“सगळे बरे?” मामांनी विचारलं. त्यांचं नाव चेरिपो. छातीवर तसा बिल्लाही होता, आणि बिल्ल्याखाली भरतकामाचं एक काळवीट.

“बरे आहेत, मामा.”

“गुरं?”

“बरी आहेत.”

“तिकडे पाऊस?”

“बरा झाला.”

“रेनाते?”

“तीही बरी आहे, मामा.”

मामांनी चिमटा खिशात ठेवला.

“आणि गिअरबॉक्स?”

या गिअरबॉक्सची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. जानेवारीत मामांच्या थोरल्या भावाच्या थडग्यावर दगड बसवण्याचा विधी होता. निरोप रीतसर आला होता. पण विंडहूकहून तिथे पोचायचं म्हणजे निम्मा रस्ता खडीचा, पोचल्यावर तीन दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, आणि प्रत्येक म्हाताऱ्याचं भाषण पहिल्यापासून ऐकायचं, कारण मधून उठणं हाही अपमानच. गेर्सनने कळवलं की गाडीचा गिअरबॉक्स गेला आहे. अल्बर्टीना मिळेल त्या गाडीने एकटी जाऊन आली. तिने मामांना काही सांगितलं नाही आणि गेर्सनलाही काही विचारलं नाही. फक्त तेव्हापासून घरात कोणी गिअरबॉक्स म्हटलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

गिअरबॉक्सला कधीच काही झालं नव्हतं. त्याच गिअरबॉक्सवर गेर्सन आज इथे पोचला होता आणि मामांच्या गोठ्यापासून दीड तासाच्या अंतरावर, डोक्यावर पंखा फिरत असलेल्या तंबूत, पाय पसरून बसला होता.

एरवी हा प्रसंग चार-दोन वर्षं तोंड चुकवून निभावता आला असता. पण ईस्टरनंतरच्या शनिवारी त्यांच्या मुलीला, रेनातेला, मागणी घालायला मुलाकडची माणसं यायची होती. आमच्यात मुलीच्या मामाशिवाय हे बोलणं सुरू होत नाही. अल्बर्टीनाला भाऊ नाही, तेव्हा त्या खुर्चीवर तिचा मामाच बसणार. मामा आले नाहीत तर मुलाकडचे चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परत जाणार, आणि पुढच्या वर्षी येतील की आणखी कुठे जातील हे कोणी सांगावं. रेनातेने हॉल बघून ठेवला होता.

कॅम्पला जायची कल्पना गेर्सनची. त्याचं कारण मात्र वाईट नव्हतं. अल्बर्टीनाच्या दातांच्या डॉक्टरकडे भिंतीवर याच कॅम्पचं मोठं चित्र आहे: सोनेरी वाळू, पांढरा तंबू, तंबूसमोर अंघोळीचा टब, आणि टबाकडे दुरून पाहणारा हत्ती. दाढ काढून घेताना तिने ते तीन वेळा पाहिलं. तिसऱ्या खेपेला, तोंडात कापूस असताना, ती म्हणाली की मी जन्मले त्या घरापासून ही जागा हाकेच्या अंतरावर आहे, जगभरातले लोक विमानाने येऊन तिथे झोपतात, आणि मी ती दंतवैद्याच्या खुर्चीतून बघते. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. गेर्सनने ठरवलं की आपणही त्या तंबूत झोपायचं. नातेवाईक म्हणून मागच्या दाराने नाही, पाहुणे म्हणून पुढच्या दाराने.

पावसाळ्यात परदेशी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा देशातल्या माणसांना सवलतीचा दर मिळतो. त्यासाठी आपण या देशातले आहोत हे सिद्ध करावं लागतं. गेर्सनने ओळखपत्राची प्रत पाठवली. उत्तर आलं की प्रत साक्षांकित हवी. तो पोलीस ठाण्यात गेला. तिथल्या सार्जंटने शिक्का मारण्याआधी प्रत कशासाठी हवी ते विचारलं, कॅम्पचं पत्र मागून घेतलं, आणि ते रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. तंबूत झोपायला लोक एवढा खर्च करतात हे त्याला नवीन होतं. तो म्हणाला, तंबूत तर मीही सहा वर्षं झोपलोय, सैन्यात असताना, आणि उलट तेच मला पगार द्यायचे. रांगेतल्या एका बाईने विचारलं की हत्ती सवलतीच्या दरात जवळ येतो की लांबूनच दिसतो. शिक्का मिळेपर्यंत गेर्सनच्या सहलीची बातमी अर्ध्या वस्तीत पोचली होती.

सगळ्यात आधी आला तो शेजारचा ओम बेन, म्हणजे बेनकाका. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ दुसऱ्याच्या प्रवासाची तयारी स्वतःच्या लग्नासारखी करतो. त्याचं म्हणणं असं की अशा ठिकाणी ताट मोठं असतं आणि जेवण त्याच्या मधोमध हरवलेलं असतं, तेव्हा बर्फाच्या पेटीतून आपलं मटण घेऊन जावं. शिवाय जाळी, कोळसा, दोन जादा टायर आणि एक जाड दोर. दोर कशाला, असं गेर्सनने जरा तुटकपणे विचारलं.

“गाडी ओढायला,” ओम बेन म्हणाला. “गिअरबॉक्स गेला होता ना तुझा जानेवारीत. वस्तीभर सांगत होतास. माझ्याकडे मात्र आणला नाहीस.”

अल्बर्टीना उठून स्वयंपाकघरात गेली. दोर गाडीत पडला.

ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी सांगितलं की रंगीत कपडे घालू नका, जनावरं बिथरतात. सगळं वाळूच्या रंगाचं हवं. गेर्सनने शर्ट, पँट, टोपी आणि मोजे नवे घेतले, सगळे वाळूच्या रंगाचे. कॅम्पच्या नोकरांचा गणवेषही त्याच दुकानातून त्याच रंगात शिवला जातो, हे दुकानदाराने सांगितलं नाही.

अल्बर्टीनाने हा सल्ला ऐकून घेतला आणि आपला सणाचा पोशाख बॅगेत भरला: बारा वार कापडाचा जांभळा पायघोळ झगा, खाली सहा परकर, आणि डोक्यावर बांधायचा गाईच्या शिंगांच्या आकाराचा आडवा फेटा. जनावरं बिथरली तर बिथरू देत, ती म्हणाली, आमच्या गाई आजवर बिथरलेल्या नाहीत.

तर शुक्रवारी सव्वाचार वाजता हे असं होतं. ट्रे गेर्सनच्या हातात, चिमटा मामांच्या खिशात, आणि गिअरबॉक्सचा प्रश्न दोघांच्या मधोमध.

“दुरुस्त झाला, मामा,” गेर्सन म्हणाला.

“दिसतंय,” मामा म्हणाले.

मामा सत्तरीच्या वयात वेटर कसे झाले, हा प्रश्न गेर्सनलाही पडला होता. जानेवारीत हा विषय कोणी काढला नव्हता, तेव्हा त्याचं उत्तर अल्बर्टीनालाही संध्याकाळपर्यंत तंबू आवरणाऱ्या बायकांकडून मिळालं. कॅम्प उभा आहे ती जमीन तिथल्या लोकांच्या समितीची. कंपनी समितीला भाडं देते आणि ठरावीक जागांवर गावातली माणसं घेते. ख्रिसमसच्या सुमारास एक तरुण वेटर नोकरी सोडून समुद्रकाठच्या शहरात पळाला. जागा रिकामी राहिली तर कंपनी ती बाहेरच्या माणसाने भरेल, अशी भीती समितीला वाटली. योग्य उमेदवार मिळेपर्यंत जागा अडवून ठेवण्यासाठी समितीने आपला सर्वांत ज्येष्ठ सदस्य पाठवला. मामा स्वतःला वेटर मानत नव्हते. ते तिथे जागा राखत होते. गणवेष घालणं, चिमटा धरणं ही त्यातली कायदेशीर बाजू होती.

म्हणूनच मामांना ट्रे सोडता येत नव्हता. सास्किया पाहत होती आणि काम न करणाऱ्याची जागा जाते. आणि गेर्सनला ट्रे देता येत नव्हता, कारण वर आकाश आणि शेजारी बायको पाहत होती. मामांनी ट्रेची दुसरी कड पुन्हा पकडली आणि थोडा वेळ दोघांनी तो दोन्ही बाजूंनी धरून ठेवला. शेवटी मामांनी मार्ग काढला. त्यांनी ट्रे गेर्सनकडे सोडला आणि ते गेर्सनच्या खुर्चीत बसले. गेर्सनने चिमटा मागून घेतला आणि मामांना टॉवेल दिला. मामांनी चेहरा पुसला, मान पुसली, आणि टॉवेलला लिंबाचा वास कशासाठी लावतात ते तीन महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं.

सास्किया धावत आली. मुलगी स्वभावाने चांगली होती, पण तिच्या प्रशिक्षणात जावई हा विषय नव्हता. नोकरांनी पाहुण्यांच्या खुर्चीत बसायचं नाही, असा नियम आहे, हे तिने शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं.

“खुर्ची तुमची आहे, पोरी,” मामा म्हणाले. “घेऊन जा. खाली वाळू आहे ती समितीची. मी वाळूवर बसतो.”

मग जावयालाही वाळूवर बसावं लागलं असतं, आणि भाचीलाही, सहा परकरांसकट. सास्कियाने खुर्ची नेली नाही.

संध्याकाळच्या जेवणाला हीच व्यवस्था कायम झाली. मामा टेबलाशी बसले, गेर्सन वाढू लागला. त्याला हे काम जमत नव्हतं असं नाही. उलट आयुष्यभर खात्यात वरिष्ठांच्या मागे उभं राहिल्यामुळे त्याच्या उभं राहण्यात एक सफाई होती. अडचण कपड्यांची होती. वाळूच्या रंगाचा शर्ट, वाळूच्या रंगाची पँट आणि हातात ट्रे पाहून झोलिंगर साहेबांनी बोट वर केलं आणि जिन मागितली, लिंबू जास्त, बर्फ कमी. आपण पाहुणे आहोत हे सांगायला गेर्सनने तोंड उघडलं, पण झोलिंगर त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे दिसत होते, आणि वडीलधाऱ्या माणसाने तोंडावर पेय मागितलं असता नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने जिन आणून दिली. झोलिंगरनी त्याच्या खिशात एक नोट सरकवली आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. खात्यात इतक्या वर्षांत त्याच्या खांद्यावर कोणी थोपटलं नव्हतं, ही गोष्ट त्याला त्या क्षणी आठवली आणि आवडली नाही.

तेवढ्यात अल्बर्टीना तंबूतून बाहेर आली. तंबूचं जाळीचं दार अरुंद होतं, त्यामुळे ती आडवी होऊन आली. आधी फेट्याचं एक शिंग, मग झगा, मग दुसरं शिंग. मावळतीच्या उजेडात तो जांभळा रंग असा काही पेटला की स्वयंपाकीसुद्धा बाहेर येऊन बघू लागला. झोलिंगरबाईंनी कॅमेरा काढला. त्यांनी सास्कियाला आदराने विचारलं की सांस्कृतिक कार्यक्रम किती वाजता सुरू होतो.

अल्बर्टीना शाळेत जर्मन शिकवते. सास्कियाला उत्तर द्यावं लागलं नाही.

“सुरू झालाय,” अल्बर्टीना स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. “आमची ओळख झाली. आता तुमची. कुठल्या घरचे, किती गुरं, आणि कुठल्या रंगाची?”

हा प्रश्न तिने टोचायला विचारला होता. पण झोलिंगर हे निवृत्त बँक अधिकारी असले तरी त्यांच्या वडिलांच्या डोंगरावर खरोखरच गाई होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि ते सांगू लागले. कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक तपकिरी गाय होती, तिच्या गळ्यात मोठी घंटा बांधत. मामा खुर्चीत पुढे सरकले. पोटाखाली पांढरी होती का, हे त्यांनी विचारलं. अल्बर्टीना दुभाषी झाली. अशा गाईला आमच्याकडे वेगळं नाव आहे, पोटाखाली काळी असेल तर आणखी वेगळं. झोलिंगरना तो रंग आठवेना, तेव्हा त्यांनी बायकोला विचारलं, आणि बायकोने पन्नास वर्षांत तो विषय पहिल्यांदाच निघाल्याचं सांगितलं. गुरांवरची चर्चा शेवटच्या पदार्थापर्यंत चालली. त्यात कोणीही गेर्सनकडे पाहिलं नाही, फक्त ग्लास रिकामा झाला की बोट वर व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उघड्या गाडीतून हत्ती बघायला गेले. अल्बर्टीनाच्या झग्याने दोन जागा व्यापल्या, म्हणून गेर्सन मागच्या बाजूला पाण्याच्या पेटीवर बसला. हत्ती नदीच्या पात्रात होता. त्याने सर्वांकडे पाहिलं, अल्बर्टीनाच्या फेट्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि तो आपल्या वाटेने गेला. दंतवैद्याच्या चित्रापेक्षा लहान आहे, अल्बर्टीना म्हणाली. पण तिने गेर्सनचा हात धरला होता आणि नंतरही बराच वेळ सोडला नाही. सबंध सहलीत गेर्सनच्या वाट्याला आलेला ऐषआराम म्हणून याचीच नोंद करता येईल.

ते परत आले तेव्हा कॅम्पच्या मोठ्या झाडाखाली मामांच्या घरचे अकरा-बारा जण आणि एक बोकड उभा होता.

जावई गावच्या हद्दीत आला आणि त्याच्यासाठी बोकड कापला नाही, असं झालं असतं तर मामांना समितीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. जावई कुठे उतरलाय हा मुद्दा गौण होता. सास्कियाने सांगून पाहिलं की स्वयंपाकघरात बाहेरचं जनावर आणता येत नाही, विम्याच्या अटी आहेत. मामांनी ते मान्य केलं आणि बोकड स्वयंपाकघरापासून दूर, झोलिंगरांच्या तंबूसमोर नेला, कारण सावली तिथे चांगली होती. सास्किया रेडिओवरून मुख्य कार्यालयाशी बोलायला आत गेली.

पुढचे तीन तास गेर्सनने सरपण आणलं, जाळ केला, जाळ कमी केला, मांस परतलं, आणि ओम बेनने दिलेली जाळी व कोळसा गाडीतून काढून आणले. बायकोच्या मामेभावंडांची मुलं त्याला हुकूम सोडत होती. आमच्यात सासुरवाडीला जावई म्हणजे बिनपगारी माणूस, त्यात अधिकारीपदाची सवलत नाही. म्हाताऱ्या बायका पाहुण्यांच्या आरामखुर्च्यांत पडून कॉफी पीत होत्या आणि कॉफी पातळ असल्याचं सांगत होत्या. झोलिंगर बाह्या सरसावून चुलीपाशी बसले होते. आपण ज्या तंबूचे पैसे दिले, त्याच तंबूसमोर आपण राबतोय, या विचाराने गेर्सनच्या मनाला जी जखम झाली ती त्याने कोणाला दाखवली नाही, कारण दोन्ही हात मांसाने भरले होते.

सास्किया बाहेर आली ती गोंधळलेल्या चेहऱ्याने. झोलिंगरबाईंनी तेवढ्यात या सगळ्याचे फोटो कुठेतरी पाठवले होते आणि ते मुख्य कार्यालयात पोचले होते. कार्यालय खूश होतं. आजवर एकाही कॅम्पला हे साधलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. दर शनिवारी ठेवता येईल का, असं त्यांनी विचारलं होतं. बोकड कंपनी देईल. सास्कियाने गेर्सनला बाजूला घेऊन विचारलं की जावई म्हणून काम करायला आणखी कोणी मिळेल का.

रविवारी निघायच्या वेळेपर्यंत गेर्सनने मामांना ईस्टरबद्दल विचारलं नव्हतं. विचारायला गेलं की मामांना कोणीतरी हाक मारत असे, किंवा गेर्सनच्या हातात काहीतरी देत असे. शेवटी गाडीपाशी, बोकडाची एक मांडी कापडात गुंडाळून मामांनी अल्बर्टीनाकडे दिली, तेव्हा त्याने धीर केला. मुलाकडचे अमुक दिवशी येणार, मी स्वतः गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येईन, असं तो एका दमात बोलला.

मामांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

“चालू कर.”

गेर्सनने गाडी चालू केली.

“पहिला टाक. दुसरा. तिसरा.” मामांनी कान लावून ऐकलं. “छान चालतोय. दुरुस्त कोणी केला?”

गेर्सनला त्या क्षणी जगात एकच नाव आठवलं. “ओम बेनने. आमच्या शेजारचा. रेल्वेत होता.”

“काय बिघडलं होतं?”

“दुसरा पडत नव्हता, मामा.”

अल्बर्टीनाला जायला स्वयंपाकघर नव्हतं. ती नदीकडे बघत राहिली.

“जानेवारीत तुझी खुर्ची मांडली होती,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. माणसं जास्त झाली, खुर्च्या कमी पडल्या. म्हातारी माणसं उभी होती. मी त्या खुर्चीवर कोणाला बसू दिलं नाही. तिन्ही दिवस.”

गेर्सनने गाडी बंद केली. बोलण्यासारखं काही होतं तर ते त्याला स्टिअरिंगवर हात ठेवून बोलता येत नव्हतं.

“शनिवारचं बघू,” मामा म्हणाले आणि टॉवेलचा ट्रे घ्यायला आत गेले, कारण नवे पाहुणे उतरत होते.

परतीच्या वाटेवर जनावरांच्या तपासणीचं फाटक लागतं. रोगराईच्या भीतीने उत्तरेचं कच्चं मांस तिथून दक्षिणेला जाऊ देत नाहीत. मांडी टाकून द्या, असं तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं आणि ते नियमाला धरून होतं. मामाने दिलेली मांडी टाकायची हेही एका नियमाविरुद्ध होतं, फक्त तो लिहिलेला नव्हता. काहुरे दांपत्याने फाटकाच्या अलीकडे जाळी मांडली, मांडी भाजली आणि भर उन्हात उभ्याने खाल्ली. अधिकारी हेरेरोच होता. हकीकत ऐकून त्यालाही खाण्यात सामील करून घ्यावं लागलं. मामा येणार नाहीत, असं त्याचं मत पडलं. आपल्या मामाने एकदा अशाच कारणावरून नऊ वर्षं बोलणं टाकलं होतं, असं तो दुसरा तुकडा घेताना म्हणाला.

घरी पोचल्यावर कळलं की मामांनी ओम बेनला फोन केला होता. नंबर त्यांनी नात्यातल्या नात्यात शोधून काढला. ओम बेन बेसावध होता, पण शेजारधर्माला जागला. गिअरबॉक्स मीच दुरुस्त केला, त्याने छाती ठोकून सांगितलं. वाईट अवस्था होती. काय बिघडलं होतं? रिव्हर्स पडत नव्हता. शिवाय क्लच जळला होता, आणि खरं सांगायचं तर इंजिनातही तेल उतरलं होतं. मामांनी त्याचे आभार मानले. ओम बेनला वाटलं काम फत्ते झालं.

त्यानंतर ईस्टर उलटेपर्यंत मामांकडून काही आलं नाही. अल्बर्टीनाने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी झोलिंगरांच्या तपकिरी गाईचा पोटाखालचा रंग कळला का, एवढंच विचारलं. रेनातेने हॉलवाल्याला आणखी एक आठवडा थांबायला सांगितलं.

आणायला येईन असं गेर्सनने तोंडाने कबूल केलं होतं, तेव्हा मामा येणार की नाही हे कळायची वाट न पाहता तो शुक्रवारी पहाटे निघाला. यावेळी त्याने रंगीत शर्ट घातला होता. जाता जाता तो मामांना काय सांगायचं ते मोठ्याने म्हणत होता, आणि आउट्यो गावाच्या पुढे गेल्यावर त्याला ते जवळजवळ जमलं होतं. दुसरा पडत नव्हता हे खोटं, रिव्हर्स पडत नव्हता हेही खोटं. मी आलो नाही, एवढंच खरं. कामांजाब गावाच्या अलीकडे एका चढावर त्याने दुसरा गिअर टाकला. गाडीतून गोट्या सांडल्यासारखा आवाज आला. मग दुसरा पडेना, पहिला पडेना, आणि रिव्हर्स तर नाहीच.

गेर्सन रस्त्याच्या कडेला बसला. मग त्याने मामांना फोन लावला. जगात एवढी वाक्यं असताना त्याच्या तोंडून एकच निघालं.

“मामा, गिअरबॉक्स गेला.”

पलीकडे कुठेतरी बर्फ हलवल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

यापुढची माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळालेली आहे आणि ती जशी मिळाली तशीच इथे दिली आहे. शुक्रवारी दुपारी सास्कियाने अल्बर्टीनाला कळवलं की कॅम्पला सामान आणणारा ट्रक रिकामा परत निघाला आणि त्यात मामा चढले. रजा मागितली नाही, गणवेष बदलला नाही. चिमटा तेवढा तिच्या हातात दिला आणि जागा राख म्हणाले. ट्रक कामांजाबवरूनच जातो. गेर्सनचा फोन संध्याकाळपासून लागत नव्हता.

शनिवारी सकाळी आउट्योच्या पेट्रोल पंपावरून एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. तासाभरापूर्वी एक ट्रक तिथे थांबला होता आणि त्याच्यामागे जाड दोराने एक पांढरी पिकअप बांधलेली होती. छातीवर काळवीट असलेला एक म्हातारा खाली उतरला. पिकअप चालवणाऱ्याशी तो एक शब्द बोलला नाही. गिअरबॉक्स उघडून दाखवणारा मेकॅनिक गावात कोण, असं त्याने पंपावर विचारलं, आणि शनिवारी दुकान कितीला उघडतं, हेही. त्यानंतर ट्रक विंडहूकच्या दिशेने गेला. दोर सोडला की नाही, आणि ट्रकमध्ये कोण होतं, हे त्या माणसाने पाहिलं नव्हतं.

अकरा वाजता मुलाकडचे आले. आठ जण येणार होते, चौदा आले. खुर्च्या कमी पडल्या. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं, गुरांचं झालं, मग पुन्हा पावसाचं. ओम बेन आणि मुलाचा एक वयस्कर काका भिंतीला टेकून उभे आहेत. पहिल्या रांगेत, मधोमध, एक खुर्ची रिकामी आहे. अल्बर्टीना जांभळ्या झग्यात तिच्या शेजारी उभी आहे आणि त्या खुर्चीवर ती कोणाला बसू देत नाही.